महिन्याला सुटतात किती?

नोकरीला रामराम ठोकायचा, स्वतःचं ॲप काढायचं आणि घरबसल्या डॉलर कमवायचे... हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या निम्म्या पब्लिकचं हे स्वप्न! पण काही डेव्हलपर मंडळींनी आपला जमाखर्च चक्क चारचौघांत मांडलाय. तो वाचल्यावर आमच्या घरात काय झालं, त्याची ही गोष्ट.

रविवारची सकाळ. मी पोह्यांना फोडणी घालतेय आणि आमचा धाकटा किचनच्या दाराला टेकून एकदम जाहीर करतो, "ताई, मी पेपर टाकतोय."

मला आधी खरंच वाटलं, हा आता सायकलवरून घरोघरी पेपर टाकणार. हसू नका! गेले सहा महिने हा मुलगा पहाटे पाचला उठून दूधवाल्या मामांच्या मागे मोटारसायकलवरून फिरत होता, त्यामुळे काहीही शक्य होतं. मग ट्यूब पेटली. राजीनामा!

थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही दोघं भावंडं कर्वेनगरला टू-बीएचकेत राहतो. आई-बाबा कराडला. धाकटा हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, चौथं वर्ष चालू. आणि फावल्या वेळात, म्हणजे रात्री अकरा ते दोन, त्याने एक ॲप बनवलंय. रतीबाच्या हिशेबाचं. आपल्याकडे घराघरात दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिला जातो ना... आज खाडा, उद्या अर्धा लिटर जास्त, परवा दूध नासलं म्हणून पैसे कापायचे... तसाच हिशेब दूधवाल्यालाही ठेवावा लागतो. फक्त त्याच्याकडे शंभर-दीडशे घरं असतात आणि एक फाटकी डायरी! धाकट्याचं ॲप या डायरीची जागा घेतं. घराच्या नावावर बोट ठेवा, खाडा मारा, महिनाअखेरीस बिल ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर जातं. संपलं. यात गेम नाही, चॅटिंग नाही, काही नाही.

आयडिया भन्नाट आहे, हे मी बहीण म्हणून नाही, पत्रकार म्हणून सांगतेय. पण राजीनामा?

"कमाई किती झाली आत्तापर्यंत?" मी विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. जाहिरातींमधून तीन महिन्यांत १३ डॉलर ४० सेंट. आणि तेही हातात नाहीत. गुगलची ॲडमॉब ही जाहिरात सेवा खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवतच नाही!

"मग कशाच्या जोरावर पेपर टाकतोस रे?"

"अगं, सुरुवात आहे. तो आयशूटवाला वाच ना..."

एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने कोड

आयशूटवाल्याची स्टोरी सॉल्लिडच आहे. ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं १० जुलै २००८ ला, तेव्हा त्यात जेमतेम ५०० ॲप्स होती. त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टीम्समध्ये नोकरी करणाऱ्या ईथन निकोलस नावाच्या इंजिनिअरने रणगाड्यांची एक गेम बनवली. ऑफिसातून घरी यायचं, एका हातात लहान बाळाला धरायचं आणि दुसऱ्या हाताने कोड लिहायचा! सुरुवातीला गेम फारशी चालली नाही. मग जानेवारी २००९ मध्ये त्याने तिची फुकट, छोटी आवृत्ती काढली आणि अक्षरशः धमाका झाला. ऐन भरात असताना एका दिवसात ३७ हजार डॉलर. पाच महिन्यांत आठ लाख. पठ्ठ्याने नोकरी सोडली. अमेरिकेतल्या मोठ्या पेपरांनी बातम्या केल्या आणि जगभरातल्या इंजिनिअर्सनी त्या बायकोला वाचून दाखवल्या असणार.

मी स्वतः अशा यशोगाथा ढिगाने लिहिल्यात, म्हणून हा फंडा मला आतून माहितीय. मुलाखतीत आपण एकच आकडा विचारतो. तो जितका मोठा तितकी हेडिंग मोठी. समोरचाही खुशीत सांगतो. त्यातून स्टोअरचं कमिशन किती गेलं, टॅक्स किती, किती महिने बिनपगारी काम केलं होतं, हे ना आम्ही विचारत, ना तो सांगत.

गंमत बघा, नोकरीच्या बाबतीत आपण एवढे भोळे नसतो. सीटीसी आणि इन-हँड यातला फरक पहिल्याच पगाराच्या एसएमएसला कळतो! धाकट्याचं पॅकेज ९ लाख, हातात येतात ६४ हजार. लग्नात भेटलेल्या लांबच्या काकांना आपण पॅकेज सांगतो, घरभाड्याचा विचार करताना मात्र इन-हँड धरतो. ॲपच्या बातम्यांमध्ये सगळे सीटीसीच छापतात, बॉस.

मग मी धाकट्याला म्हटलं, "मला आठ दिवस दे. ज्यांनी इन-हँड सांगितलंय, असे लोक शोधते. तोवर मेल ड्राफ्टमध्ये ठेव."

तो म्हणाला, "सात."

बेचाळीसचे एकवीस

असे लोक फार नाहीत, पण आहेत. त्यातला माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक हिशेब जॅरेड सिंक्लेअर नावाच्या अमेरिकन डेव्हलपरचा. त्याने 'अनरीड' नावाचं ॲप बनवलं होतं. वेगवेगळ्या वेबसाइट्सवरचे लेख एका जागी, शांतपणे वाचता यावेत म्हणून. म्हणजे ज्यांना अशी सवय आहे, त्या मोजक्या वाचकांसाठीच. आयफोनवर ते फेब्रुवारी २०१४ मध्ये आलं. जाणकारांनी वाखाणलं, डिझाइनचं कौतुक झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, याची तर लाइफ सेट!

जुलै २०१४ मध्ये त्याने सगळा हिशेब जाहीर केला. आयफोनच्या ॲपमधून ३२ हजार डॉलर, आयपॅडच्या ॲपमधून १० हजार. एकूण ४२ हजार. इथे थांबला असता तर हेडिंग झाली असती. पण तो पुढे गेला. स्वतःचा धंदा करणाऱ्याला भरावा लागणारा कर ४० टक्के धरून वजा केला. आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याला ३५० डॉलर, तो वर्षभराचा वजा केला. उरले २१ हजार. महिन्याला १,७५०.

बेचाळीसचे एकवीस! आणि त्यासाठी काम किती? जुलै २०१३ पासून ॲप बाजारात येईपर्यंत आठवड्याला ६० ते ८० तास. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. साठच तास धरले, तीस आठवडे धरले, तरी १,८०० तास होतात. म्हणजे तासाला साडेअकरा डॉलरच्या आसपास. ॲप आल्यानंतरचं काम यात नाहीच.

रात्री जेवताना मी हे सगळं धाकट्याला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे मोबाइलवर गुणाकार केला.

"तेव्हा डॉलर साठ रुपये होता. म्हणजे महिन्याला एक लाख पाच हजार. ताई, माझ्या पगारापेक्षा जास्त झाले की!"

घ्या! मी आठवडाभर शोधून आणलेला रडका आकडा याला गोड लागला. आणि खरं सांगू? तो पूर्ण चुकीचं बोलत नव्हता. अमेरिकेत राहून १,७५० डॉलरमध्ये महिना काढणं वेगळं आणि कर्वेनगरात राहून तेवढेच डॉलर मिळणं वेगळं. आपल्याकडच्या डेव्हलपरसाठी हा हिशेबातला खराखुरा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. अट एकच. ग्राहक डॉलरवाला हवा. पिरंगुटहून पहाटे किटल्या घेऊन येणारे मामा डॉलरमध्ये पैसे देत नाहीत.

तसे गोड आकडेही जाहीर झालेत, तेही मी त्याच्यापुढे ठेवले. मार्को आर्मेंटच्या 'ओव्हरकास्ट' या पॉडकास्ट ऐकायच्या ॲपने जुलै २०१४ मध्ये आल्यापासून वर्षअखेरपर्यंत, ॲपलचा वाटा वजा जाता, १ लाख ६४ हजार डॉलर मिळवले. त्यानेच ते जाहीर केलं. एकट्या माणसाचं ॲप! पण हा गडी टम्बलरच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला इंजिनिअर, त्याआधी इन्स्टापेपर काढून विकलेलं, त्याचं लिखाण वाचणारे हजारो लोक आधीपासून तयार. तरीही त्याला पैसे कमवायची पद्धत पुढच्या दोन वर्षांत दोनदा बदलावी लागली. २०१५ मध्ये सगळं फुकट करून 'आवडलं तर पैसे द्या' असं केलं आणि २०१६ मध्ये शेवटी जाहिराती आणल्या.

आकडा बाहेर फुटला की काय होतं, त्याची टोकाची कथा हनोईची. डोंग ग्वेन या व्हिएतनामी पोराची 'फ्लॅपी बर्ड' गेम आठवतेय? २०१३ मध्ये आली, २०१४ च्या जानेवारीत जगभर पेटली. जाहिरातींमधून दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात असा आकडा छापून आला. त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, मला हे सहन होत नाही म्हणत त्याने गेमच काढून टाकली. आणि स्टोअरमध्ये नकलांचा पूर आला! त्यामुळे बरेच डेव्हलपर आकडे झाकून ठेवतात, त्यांना मी दोष देणार नाही. तुम्ही कमवताय हे कळलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेच ॲप दुसऱ्या रंगात काढतं.

रोज पंचवीस दूधवाले कुठून आणायचे?

नीश ॲप हा शब्द आता सर्रास ऐकू येतो. म्हणजे मोजक्या लोकांचं, एकाच कामाचं, पण ज्याला लागतं त्याला लागतंच असं ॲप. आपल्याकडे याची दोन झक्कास उदाहरणं आहेत. मुंबईत लोकलने फिरणाऱ्या कुणाच्याही मोबाइलमध्ये डोकावा, सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर सापडेल. २००८ च्या सुमारास साध्या जावा फोनवर सुरू झालेलं हे लोकलचं टाइमटेबल आज कोटीच्या पुढे डाउनलोड झालंय. फुकट, जाहिरातींवर चालणारं. दुसऱ्या टोकाला प्रसाद उपासनी यांचं आयतबला प्रो. तबला आणि तानपुऱ्याची साथ देणारं. शास्त्रीय संगीताचा रियाज करणाऱ्यांपलीकडे कुणाला त्याचा उपयोग नाही, पण जो रियाज करतो तो पैसे मोजून घेतो. एक गर्दीवर चालतं, दुसरं गरजेवर.

धाकट्याचं ॲप कुठल्या खान्यात? तिथेच तर घोळ होता. दूधवाले गर्दी करण्याएवढे नाहीत, म्हणजे जाहिरातींवर पोट भरणार नाही. शिवाय हजार वेळा जाहिरात दिसल्यावर मिळणारा दर देशागणिक बदलतो आणि भारतातला दर अमेरिकेच्या मानाने फारच किरकोळ. राहिला मार्ग पैसे घ्यायचा.

कागद-पेन घेऊन आम्ही दोघं बसलो. समजा, किंमत ९९ रुपये. पूर्वी स्टोअर ३० टक्के कापायचं. २०२१ मध्ये ॲपल आणि गुगल या दोघांनी छोट्या डेव्हलपरसाठी ते १५ टक्क्यांवर आणलं. तेच धरलं तर ९९ चे उरतात ८४. आता ६४ हजार पगाराला भागा. ७६१! म्हणजे एकदाच पैसे घ्यायचे असतील तर दर महिन्याला ७६१ नवे दूधवाले. रोजचे पंचवीस. पुणे कितीही वाढलं तरी रोज नवे पंचवीस दूधवाले कुठून आणायचे? आणि ज्यांनी आधीच घेतलंय, त्यांचे 'बिल जात नाही हो' असे फोन वेगळेच.

धाकटा बराच वेळ त्या ७६१ कडे बघत बसला. मग त्याने '९९' च्या पुढे 'दरमहा' लिहिलं.

"आता तेच ७६१ पुरतील. फक्त ते सोडून जायला नकोत."

मला मान्य करावं लागेल, इथे मला त्याचं कौतुक वाटलं. रतीबाचं ॲप रतीबासारखंच विकायचं! एका फटक्यात श्रीमंत होण्याच्या गोष्टीतून तो दोन रात्रींत बाहेर आला होता. ७६१ हा आकडा मोठा आहे, पण दिसतो तरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मामांना विचारलं, महिन्याला ९९ द्याल का? मामा म्हणाले, "मोबाइलमधनं पैसं कापून घेणार? नगं बाबा. त्यापेक्षा महिन्याला दोन लिटर दूध घेऊन जा की." आता दोन लिटर म्हशीच्या दुधाचे ९९ पेक्षा जास्तच होतात! पण ते देणं मामांना परवडतं, मोबाइलमधून कापलेले ९९ नाही. हे कुठल्याही अमेरिकन डेव्हलपरच्या हिशेबात सापडलं नसतं.

बाबांचं कार्ड

सिंक्लेअरच्या हिशेबातली एक ओळ मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हती. विम्याचे ३५० डॉलर.

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. रात्री दहाला आईचा फोन, पहाटे चारला आम्ही कराडमध्ये. कॅश काउंटरवर धाकट्याने पाकिटातून एक कार्ड काढून दिलं, कंपनीच्या मेडिक्लेमचं. त्यात आई-बाबा दोघांची नावं आहेत. त्या रात्री मी फक्त फॉर्मवर सह्या केल्या. माझ्या पाकिटात असं कुठलंही कार्ड नव्हतं. आजही नाही.

६४ हजार हा त्याचा पगार नव्हताच मुळी. ६४ हजार अधिक ते कार्ड. हे मी त्याला सांगायचं की नाही, यावर मी एक अख्खा दिवस घालवला. कारण हे वाक्य एकदा उच्चारलं की चर्चा संपते. आपल्याकडे किती पोरांचे किती प्लॅन 'बाबांच्या तब्येतीचं बघ' या एका वाक्यावर बंद झालेत! मला ते करायचं नव्हतं.

शेवटी मी त्याला वाक्य नाही, माहिती दिली. विमा एजंटला फोन करून लिहून घेतली. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. पण ती नोकरी सुटण्याआधी विचारायची, नंतर नाही. हप्ता वयानुसार ठरतो आणि या वयाला, या आजाराला तो दणदणीत असतो. अगदी नव्याने पॉलिसी घेतली तर जुन्या दुखण्याला ३ वर्षांपर्यंत कव्हर न मिळण्याची अट असू शकते. एप्रिल २०२४ आधी ही मुदत ४ वर्षांची होती.

त्याने तो कागद वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला. त्याच कार्डाच्या कप्प्यात. काही बोलला नाही.

मग आम्ही त्याचं ऑफर लेटर काढलं. (तुम्ही तुमचं शेवटचं कधी वाचलंय?) सातव्या पानावर छोट्या अक्षरात कलम होतं: नोकरीच्या काळात बनवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं, लेखी परवानगी नसेल तर. म्हणजे रात्री अकरा ते दोन मध्ये बनलेलं रतीबाचं ॲपसुद्धा! हा विषय आयटीवाल्यांना नवा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, तेव्हा 'मूनलायटिंग' हा शब्द घराघरात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसने पूर्वपरवानगी घेऊन बाहेरची छोटी कामं करायला वाट दिली. धाकट्याच्या कंपनीत काय नियम आहे, हे त्यालाच माहीत नव्हतं. सहा महिने कोड लिहिला, सातवं पान वाचलं नाही!

बारा टेस्टर

हे सगळं चालू असताना घरचे अंधारात होते असं समजू नका. उलट ते यात गळ्यापर्यंत बुडालेत. गुगल प्लेचा नियमच तसा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं काढणाऱ्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक लोकांकडून सलग १४ दिवस वापरून घ्यावं लागतं. आधी २० लोकांची अट होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली. २५ डॉलर एकदाच भरून खातं मिळतं, पण बारा माणसं कुठून विकत घेणार? तेव्हा धाकट्याने फॅमिली ग्रुपला साकडं घातलं. साताऱ्याची आत्या, दोन मावश्या, काका, मामी, चुलत-मावस भावंडं... दुबईतला मावसभाऊ आयफोनवाला निघाल्याने बाद! मावशीने तर चौदा दिवस रोज न चुकता खाडा मारला आणि पंधराव्या दिवशी खऱ्या दूधवाल्याशी भांडून त्याला चुकीच्या बिलाचे ४० रुपये कमी करायला लावले. ॲपचं हे पहिलं यश.

त्यामुळे धाकटा पेपर टाकणार ही बातमी त्या बारा जणांपर्यंत जाणारच होती. आत्याचा फोन मला आला. "महिन्याला सुटतात किती गं त्याला?"

सीटीसी नाही, डाउनलोड नाहीत, डॉलर नाहीत. सुटतात किती! मी एवढे दिवस जो प्रश्न इंग्रजीतून शोधत होते, तो आत्याने तीन शब्दांत विचारला.

माझी पाळी

सातवा दिवस. पुन्हा रविवार. मी सगळे कागद टेबलावर मांडले. धाकट्याने ते बाजूला सारले आणि म्हणाला, "हे सगळं ठीक आहे. पण ताई, तुझं किती?"

"माझं काय?"

"तू पाच वर्षं फ्रीलान्स करतेस. नोकरी सोडून. तुझा आकडा घरात कुणालाच माहीत नाही. अमेरिकेतल्या माणसाचा हिशेब मला वाचून दाखवतेस, तुझा कुठंय?"

मला राग आला, हे कबूल करते. मग लक्षात आलं, राग यायचं कारण एवढंच की मी तो कधी मांडलाच नव्हता. आईला 'बरं चाललंय' सांगायचं, मैत्रिणींना 'मस्त' सांगायचं, आणि दर महिन्याच्या पंचवीस तारखेला बँकेचं ॲप उघडायचं टाळायचं.

लॅपटॉप उघडला. गेल्या आर्थिक वर्षात ४ लाख ३६ हजारांची बिलं पाठवली. त्यातले ५२ हजार अजून यायचेत. त्यात एका मासिकाचं बिल तेरा महिने जुनं आहे, तिथल्या अकाउंट्सवाल्यांना मी आता आवाजावरून ओळखते. आलेल्या पैशांतले १० टक्के टीडीएस कापून आले, ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण तोवर घरभाडं थांबत नाही. लॅपटॉप, प्रवास, इंटरनेट वजा केलं. बाराने भागलं. महिन्याला २६ हजारांच्या आत. विमा शून्य.

धाकटा आकड्याकडे बघत राहिला. "म्हणजे एप्रिलपासून भाड्यातला जास्त वाटा मी द्यायला लागलो, ते..."

"हो. ते."

"सांगायचं ना."

"तू विचारलं नाहीस."

"मी पॅकेज सांगितल्यावर तू पण सांगशील असं वाटलं होतं."

पोहे गार झाले. पुन्हा गरम केले, ते आणखी कडक झाले, तरी आम्ही ते खाल्ले.

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. डिलीट केलेलं नाही, पाठवलेलंही नाही. ॲपसाठी लेखी परवानगी मागणारं वेगळं मेल एचआरला गेलंय, त्यावर 'वुई विल रिव्हर्ट' एवढंच उत्तर आलंय. दिवाळीपर्यंत थांबायचं, असं तो म्हणतो. का, तर दिवाळीत दुधाचा खप वाढतो आणि ॲप दणक्यात चालतं की झोपतं, ते तेव्हाच कळेल. विमा एजंटचा नंबर त्याने स्वतः सेव्ह केलाय. मीही माझ्यासाठी पॉलिसीचं कोटेशन मागवलंय.

आणि एक नवीन प्रकार सुरू झालाय. दर महिन्याच्या एक तारखेला धाकटा फॅमिली ग्रुपवर, त्या बारा टेस्टरांसमोर, हिशेबाचा कागद टाकतो. वर ठळक अक्षरात 'सुटतात किती'. पहिला कागद असा होता: पैसे भरणारे दूधवाले ७, त्यांचे ५८९ रुपये. जाहिराती ९ डॉलर, जमा पण हातात नाहीत. सर्व्हरचा खर्च ४५० रुपये. कामाचे तास ७१. शिल्लक १३९ रुपये. आणि सगळ्यात खाली, इतर उत्पन्न: म्हशीचं दूध, २ लिटर.

काकांनी अंगठा दाखवला. दुबईकराने रॉकेट टाकलं. आत्याने लिहिलं, "एकाहत्तर तासांचे एकशे एकोणचाळीस?" त्यावर धाकट्याने लिहिलं, "हो आत्या, टॅक्सच्या आधी."

बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग आईचा मेसेज आला. "दुधावरची साय फेकू नका. डब्यात साठवा, मी आले की तूप कढवते."